ड्राफ्ट्समनच्या इंटरव्ह्यूची तयारी : मधे बरीच वर्षं गेली, आता सुरुवात कुठून करू?

फिक्स्चर_डिटेलर :

आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल झालंय. त्यानंतर जिग्ज-फिक्स्चरच्या (मशीनिंग करताना पार्ट जागेवर धरणारी साधनं) डिटेलिंगचं काम केलं, मग घरच्या कारणाने पाच-सहा वर्षं सगळं बंद. आता भोसरीतल्या एका एसपीएम (एकाच खास कामासाठीची मशीन) आणि फिक्स्चर बनवणाऱ्या कंपनीने बोलावलंय, दोन आठवड्यांनी जायचंय. फोनवर एवढंच कळलं की आधी ऑटोकॅडवर एक तासाची टेस्ट, मग ड्रॉइंग रीडिंग आणि टेक्निकल प्रश्न. सॉलिडवर्क्स येत असेल तर प्राधान्य.

घरच्या लॅपटॉपवर ऑटोकॅडचं लायसन्स नाही. फिट्स-टॉलरन्स (भोकात शाफ्ट किती घट्ट बसतो, मापात किती फरक चालतो) विसरल्यात जमा आहेत. जुनी पुस्तकं काढली, पण एवढं सगळं दोन आठवड्यांत होणार नाही. आधी काय करू, कशाला हात लावला नाही तरी चालेल, आणि टेस्टमध्ये माणसं नेमकी कुठे अडकतात, हे जाणकारांनी सांगावं.

चेकर_चिंचवड :

ताई, सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नका. कमांड दोन-तीन दिवसांत बोटांत परत येतात. ड्रॉइंग वाचायची नजर यायला जास्त वेळ लागतो, आणि समोर बसलेला माणूस तीच तपासतो. त्याला हवं असतं ते एवढंच की तुमचं ड्रॉइंग व्हेंडरकडे गेल्यावर शंकेचा फोन न येता पार्ट बरोबर बनून यावा.

पहिले चार दिवस पेन्सिल, कोरे कागद आणि एक व्हर्नियर. घरातला नळाचा कॉक, मिक्सरचा कपलर, शिलाई मशीनचा एखादा ब्रॅकेट घ्या. माप घ्या आणि फ्रीहँडने तीन व्ह्यू काढा. पट्टी नको. बऱ्याच ठिकाणी टेबलावर पार्ट ठेवून 'याचं स्केच काढा' म्हणतात, तिथे या सरावाचा उपयोग होतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, हे विचारतातच.

प्रोजेक्शन : आपल्याकडे फर्स्ट अँगल. टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली, डाव्या बाजूने पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग आलं तर थर्ड अँगल, तिथे सगळं उलट. टायटल ब्लॉकमधल्या चिन्हावरून ओळखायची खूण लक्षात ठेवा : शंकूची रुंद बाजू वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट, अरुंद बाजू वर्तुळांकडे असेल तर थर्ड. ड्रॉइंग हातात दिलं की आधी टायटल ब्लॉक वाचा : प्रोजेक्शन, स्केल, मटेरियल, जनरल टॉलरन्स, रिव्हिजन. त्यानंतरच व्ह्यूकडे या. तुम्ही कुठून वाचायला सुरुवात करता, याकडे समोरच्याचं लक्ष असतं.

सेक्शन : रिब (आधाराची पातळ पट्टी) लांबीच्या दिशेने कापली गेली तर तिच्यात हॅचिंग, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेघा, येत नाही. शाफ्ट, बोल्ट, नट, की, पिन, रिव्हेट यांनाही लांबीतून कापल्यावर हॅच नाही. रिब भरून टाकली की तो भाग भरीव ठोकळा वाटतो, म्हणून हा नियम आहे. टेस्टमध्ये रिब असलेला ब्रॅकेट मुद्दाम देतात.

फिट्ससाठी अख्खा तक्ता पाठ करू नका. २५ मिमी हा एकच साइज पक्का करा, बाकी चार्ट बघून सांगता येतं. २५ एच७ म्हणजे भोक +०.०२१ ते ०. त्यात जी६ शाफ्ट (−०.००७ ते −०.०२०) घातला तर कमीत कमी ७ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन मोकळीक. सरकणाऱ्या भागांना हा फिट. के६ (+०.०१५ ते +०.००२) घातला तर कधी १९ मायक्रॉनपर्यंत मोकळीक, कधी १५ मायक्रॉनपर्यंत घट्ट, म्हणजे ट्रान्झिशन. पी६ (+०.०३५ ते +०.०२२) असेल तर कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३५ मायक्रॉन इंटरफिअरन्स, प्रेसने बसवायचा. या तिन्हींची वजाबाकी कागदावर समोर करून दाखवता आली की फिट्सचा प्रश्न संपला. पाठ केलेली व्याख्या म्हणणारे पुष्कळ येतात, वजाबाकी करून दाखवणारे थोडे.

थ्रेड : एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२ चं टॅप ड्रिल (आटे पाडण्याआधीचं भोक). व्यासातून पिच वजा केली की जवळपास तेच येतं. ब्लाइंड टॅपला ड्रिलची खोली आणि थ्रेडची खोली वेगवेगळी द्या. दोन्ही सारखी दिली तर टॅप तळाला टेकतो आणि तुटतो.

आणि की-वे, म्हणजे शाफ्ट आणि हबला एकत्र फिरवणारी की बसायची खाच. इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २५ च्या शाफ्टला ८ × ७ ची की. शाफ्टमधली खोली ४, हबमधली ३.३. पण ड्रॉइंगवर '४ खोल' एवढंच लिहून भागत नाही, कारण स्लॉट कापल्यावर शाफ्टचा वरचा पृष्ठभाग त्या जागी उरतच नाही. मग मोजायचं कुठून? म्हणून समोरच्या बाजूपासून माप देतात : शाफ्टला २५ − ४ = २१, हबच्या बोअरला २५ + ३.३ = २८.३. ही दोन्ही मापं व्हर्नियरने थेट घेता येतात. कोणतंही डायमेन्शन टाकताना ऑपरेटर ते कशाने मोजेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. निम्म्या चुका तिथेच गळतात.

कमांड_लाइन :

चेकर यांच्याशी सहमत, पण टेस्ट ऑटोकॅडवर आहे आणि वेळ एक तासच आहे, त्यामुळे तीही बाजू कच्ची ठेवू नका. पाच-सहा वर्षांनी परत बसणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते लिहितो.

एक, ट्रिम. २०२१ पासून ट्रिम आणि एक्स्टेंड 'क्विक' मोडमध्ये उघडतात. आधी कटिंग एज निवडायची जुनी सवय असेल तर पहिल्याच क्लिकला रेषा उडते आणि माणूस गोंधळतो. ट्रिमएक्स्टेंडमोड हे व्हेरिएबल ० केलं की जुनी पद्धत परत येते. नवी पद्धत खरं तर जलद आहे, पण ती टेस्टच्या दिवशी शिकायची गोष्ट नाही. वरचा मेनू दिसत नसेल तर मेनूबार १ करा. जुना क्लासिक वर्कस्पेस २०१५ पासून काढून टाकलाय, तो शोधण्यात वेळ घालवू नका.

दोन, टेम्प्लेट. नवी फाइल उघडताना अकॅडआयएसओ घ्या. नुसतं अकॅड घेतलं तर ते इंचाचं असतं. मग सेंटरलाइन सलग दिसते, हॅच काळाकुट्ट होतो, डायमेन्शनचे बाण दिसतच नाहीत, आणि तासातली दहा मिनिटं ते निस्तरण्यात जातात. अकॅडआयएसओमध्येही एक खाच आहे : आयएसओ-२५ या डायमेन्शन स्टाइलमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं, २५.५ ऐवजी २५,५ छापलं जातं. डिमस्टाइलच्या प्रायमरी युनिट्समध्ये जाऊन ते टिंब करा.

तीन, स्केल. मॉडेलमध्ये सगळं १:१ काढा. शीटवर मावत नाही म्हणून स्केल कमांडने भूमिती लहान करणं ही या टेस्टमधली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण त्यानंतर प्रत्येक माप खोटं येतं. लेआउटमध्ये ए३ (४२० × २९७) शीट लावा, व्ह्यूपोर्टला १:२ द्या आणि लगेच लॉक करा. लॉक केला नाही तर माउसचं चाक एकदा फिरलं की स्केल गेलं.

वेळेची विभागणी साधारण अशी धरा : पाच मिनिटं नुसतं वाचायला, पाच लेयर आणि स्टाइलला, तीस व्ह्यूंना, पंधरा डायमेन्शनला, पाच तपासणी आणि पीडीएफला. लेयर चार पुरतात : आउटलाइन ०.५ जाडीची, बाकी हिडन, सेंटर, डायमेन्शन ०.२५ च्या. फाइल उघडल्या-उघडल्या नाव देऊन सेव्ह करा. टेस्टचं मशीन बहुतेक वेळा जुनं असतं आणि अडकतं.

टॉलरन्स एकावर एक दाखवायला एमटेक्स्टमध्ये +०.०२१, मग कॅरेटचं चिन्ह, मग ० लिहा आणि स्टॅक करा. व्यासाच्या चिन्हासाठी दोनदा टक्केचिन्ह आणि सी, अंशासाठी दोनदा टक्केचिन्ह आणि डी, अधिक-उण्यासाठी दोनदा टक्केचिन्ह आणि पी.

लायसन्सचं म्हणाल तर ऑटोडेस्कच्या साइटवरची मोफत ट्रायल मुदतीची असते. ती आजच सुरू करू नका. आधी पेन्सिलचं काम उरका, मग ट्रायल चालू करा आणि सलग बसा. लॅपटॉप जुना असेल तर टूडीसाठी लिब्रेकॅड आहे, पूर्णपणे मोफत. त्याच्या कमांड तंतोतंत तशा नाहीत, पण व्ह्यू आणि डायमेन्शनचा सराव होतो. आणि छोट्या कंपन्यांत बरेचदा झेडडब्ल्यूकॅड किंवा जीस्टारकॅड असतं. बघून घाबरू नका, कमांड जवळजवळ त्याच आहेत.

आयटीआयची थिअरी परत चाळायची असेल तर केंद्र सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवर ट्रेडनिहाय साहित्य आहे. ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचंही आहे.

फिक्स्चर_डिटेलर :

दोघांचेही मनापासून आभार. की-वेचं माप मी खरंच '४ खोल' असंच दिलं असतं.

अजून तीन गोष्टी विचारते. फिक्स्चरची कंपनी आहे म्हणजे लोकेटिंग पिन आणि डॉवेलवर (दोन भागांची जागा पक्की करणारी गुळगुळीत पिन) विचारणार. डायमंड पिन (दोन बाजूंनी छाटलेली लोकेटिंग पिन) कुठे लावतात ते आठवतंय, पण 'का' विचारलं तर नीट सांगता येणार नाही. दुसरं, मशीन गार्डचं पत्र्याचं काम त्यांच्याकडे होतं असं कळलं, तर फ्लॅट लेंग्थ कशी काढायची? आणि जीडी अँड टी (आकार, दिशा आणि जागेच्या टॉलरन्सची चिन्हं) किती करू?

टूलरूम_काका :

डायमंड पिनचं सांगतो.

पार्टला दोन भोकं आहेत, सेंटर अंतर १०० ± ०.०५. फिक्स्चरवर दोन्ही पिना गोल लावल्या, त्यांचं अंतर बरोबर १००. आता ९९.९५ चा पार्ट आला, १००.०५ चा आला, तर तो अडकतो, किंवा बसावा म्हणून पिना इतक्या बारीक कराव्या लागतात की पार्ट हलतो. म्हणून एक पिन गोल ठेवायची, ती पार्टला दोन्ही दिशांनी धरते. दुसरी डायमंड. तिचं काम फक्त पार्टला गोल पिनेभोवती फिरू न देणं. त्यासाठी तिच्या पूर्ण व्यासाच्या कडा दोन पिना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात हव्यात, आणि छाटलेल्या बाजू त्या रेषेच्या दिशेने. सेंटर अंतरातला फरक छाटलेल्या बाजूला सामावतो. पिन ९० अंशांनी फिरवून बसवली तर दोन्ही बाजूंनी नुकसान : पार्ट अडकतोही आणि फिरतोही. त्यामुळे असेंब्ली ड्रॉइंगच्या टॉप व्ह्यूमध्ये डायमंडची दिशा स्पष्ट दिसलीच पाहिजे, आणि ती पिन जागेवर फिरणार नाही याची सोय ड्रॉइंगमध्ये असली पाहिजे. नुसतं बॉम (पार्टची यादी) टेबलमध्ये 'डायमंड पिन, १ नग' लिहिलं तर फिटर आपल्या अंदाजाने बसवतो. गोल पिन डायमंडपेक्षा दोन-तीन मिमी उंच ठेवा, म्हणजे ऑपरेटरला पार्ट आधी एका पिनेत आणि मग दुसऱ्या पिनेत घालता येतो.

डॉवेल : स्क्रू पकडतो, डॉवेल जागा ठरवतो. एम८ च्या सॉकेट हेड कॅप स्क्रूला ९ चं आरपार भोक आणि डोक्यासाठी १५ व्यासाचा, ९ खोल काउंटरबोअर द्या (डोकं १३ व्यासाचं, ८ उंच असतं). ९ च्या भोकात ८ चा स्क्रू, म्हणजे एक मिमी खेळ आहेच. तो स्क्रू प्लेटची जागा पक्की करूच शकत नाही. त्यासाठी ८ चे दोन डॉवेल, एम६ टॉलरन्सचे, एच७ रीम केलेल्या भोकात. दोन्ही एकमेकांपासून होतील तितके लांब, शक्यतो तिरप्या कोपऱ्यांत. भोक ब्लाइंड ठेवलं तर खाली हवा कोंडते आणि डॉवेल परत निघत नाही. आरपार भोक द्या. ते जमत नसेल तर थ्रेड असलेला डॉवेल मागवा. (एम६ नावाचा गोंधळ करू नका : थ्रेडचा एम६ वेगळा, फिटमधला एम६ वेगळा. ड्रॉइंगवर फिटचा एम लहान लिपीत असतो.)

मटेरियल आणि हार्डनेसही विचारतील. बेस प्लेट एमएस (माइल्ड स्टील), शाफ्ट-ब्रॅकेटला ईएन८ स्टील, झिजणाऱ्या रेस्ट पॅड आणि लोकेटरला ईएन३१ किंवा ओएचएनएस स्टील, हार्डनिंग करून ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल हार्डनेस). हार्ड केलेल्या पार्टवर ग्राइंडिंग अलाउन्स आणि ग्राइंडिंगचं सरफेस फिनिश दाखवायला विसरू नका. आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.८ म्हणजे जुन्या भाषेत एन६, १.६ म्हणजे एन७, ३.२ म्हणजे एन८. शॉपमध्ये अजूनही दोन्ही बोलतात.

३-२-१ तत्त्व (तळाला तीन, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक बिंदू) तुम्हाला माहीत असणार. ते नुसतं सांगू नका, समोर जो पार्ट असेल त्याच्यावर सहा बिंदू बोटाने दाखवा.

पत्रा_बेंडिंग :

फ्लॅट लेंग्थचं एक उदाहरण हाताने सोडवा, तेवढं पुरे. २ मिमी पत्रा, एल आकार, बाहेरून ५० आणि ३०, आतली त्रिज्या २. प्रत्येक पायातून त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ४ वजा करा : ४६ आणि २६. ९० अंशाच्या बेंडचा पत्रा = १.५७ × (त्रिज्या + के × जाडी). के (वाकवताना लांबी न बदलणारा थर जाडीत कुठे आहे, तो आकडा) ०.४ धरला तर १.५७ × २.८ = ४.४. एकूण ७६.४. ज्याने ५० आणि ३० नुसते मिळवून ८० कापले, त्याचा गार्ड ३.६ मिमी मोठा होतो, आणि चार बेंड असले की दारच लागत नाही. के विचारला तर 'कंपनीच्या प्रेस ब्रेकवर टेस्ट पीस वाकवून ठरवलेला घेईन' असं सांगा. तो मटेरियल, त्रिज्या आणि डायप्रमाणे बदलतो, त्यामुळे ०.४ हा आकडा ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा हे उत्तर चांगलं.

भोकाची कड बेंडपासून किमान दोन जाड्या अधिक त्रिज्या इतकी लांब ठेवा, इथे ६ मिमी. त्याहून जवळ घेतलं तर वाकवताना भोक लांबट होतं. फ्लॅट पॅटर्नवर बेंड लाइन आणि 'वर' की 'खाली' हे लिहा. ते नसलं की उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा बनून येतो.

वजनही तोंडी विचारतात. प्लेट २०० × १०० × १० : गुणाकार करून ७.८५ ने गुणा, दहा लाखांनी भागा, १.५७ किलो. राउंड बारला व्यासाचा वर्ग भागिले १६२ : २५ चा बार मीटरला ३.८६ किलो.

सॉलिडवर्क्समध्ये दोन आठवड्यांत फार खोल जाऊ नका. एक पार्ट, तीन-चार पार्टची एक असेंब्ली, तिचं बॉम आणि बलूनसह ड्रॉइंग, एवढं अडखळता न येता जमलं पाहिजे. स्केच काळं होईपर्यंत पुढे जायचं नाही, निळी रेष म्हणजे माप किंवा रिलेशन राहिलंय. भोकं होल विझार्डने करा, म्हणजे थ्रेडची माहिती ड्रॉइंगमध्ये आपोआप येते. आणि ड्रॉइंग उघडल्यावर शीट प्रॉपर्टीजमध्ये फर्स्ट अँगल आहे का ते आधी बघा, टेम्प्लेट थर्डचं असू शकतं. सॉफ्टवेअर मिळत नसेल तर हाच सराव फ्रीकॅडवर करा आणि इंटरव्ह्यूत तसंच स्पष्ट सांगा.

चेकर_चिंचवड :

जीडी अँड टी : फ्लॅटनेस, परपेंडिक्युलॅरिटी, पोझिशन आणि रनआउट, ही चार नीट करा. बाकीची चिन्हं ओळखता आली तरी बास. पोझिशनचं एक गणित हमखास येतं. भोक एक्समध्ये ०.०८ आणि वायमध्ये ०.०६ सरकलंय, पोझिशन टॉलरन्स व्यास ०.२. पास की फेल? वर्गांची बेरीज करून वर्गमूळ ०.१०, त्याची दुप्पट ०.२०, म्हणजे काठावर पास. दुप्पट करायला माणसं विसरतात, कारण टॉलरन्स झोन व्यासाचा असतो हे डोळ्यासमोर नसतं. पुढे एमएमसी (पार्टमध्ये जास्तीत जास्त मटेरियल असतानाची स्थिती) लावून विचारतील : भोक १० ते १०.१, प्रत्यक्षात १०.०५ निघालं. सगळ्यात लहान भोक १०, म्हणून ०.०५ बोनस, परवानगी ०.२५. फिक्स्चरवाले हे विचारतात कारण पिनेचा व्यास यावरच ठरतो.

जनरल टॉलरन्सच्या चौकटीत बहुतेक ठिकाणी आयएसओ २७६८-एमके दिसेल. त्यातल्या एमचे आकडे : ६ ते ३० पर्यंत ± ०.२, १२० पर्यंत ± ०.३, ४०० पर्यंत ± ०.५. म्हणजे ८० लिहिलेल्या साध्या मापाला ± ०.३ आपोआप लागू आहे. 'टॉलरन्स दिलेला नाही' असं उत्तर देऊ नका.

तुम्ही विचारलं नाही, पण हेही बघून ठेवा. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज नमुना म्हणून घेऊन जाऊ नका. ती गोपनीय असतात, आणि ती दाखवणारा उद्या आमचीही दाखवेल असं समोरच्याच्या मनात येतं. त्यापेक्षा या दोन आठवड्यांत स्वतः काढलेली तीन ए३ शीट छापून न्या : की-वे आणि बेअरिंग सीट असलेला स्टेप्ड शाफ्ट, एक छोटं ड्रिलिंग फिक्स्चर बॉमसह, आणि एक पत्र्याचा ब्रॅकेट फ्लॅट पॅटर्नसह. शाफ्टला ६२०५ बेअरिंग घ्या (२५ × ५२ × १५), सीटला के६ द्या, आणि शोल्डरच्या कोपऱ्याची त्रिज्या बेअरिंगच्या चॅम्फरपेक्षा लहान ठेवा. ६२०५ ला तो १ मिमी आहे, तेव्हा ०.६ द्या. जास्त दिली तर बेअरिंग शोल्डरला टेकतच नाही, कोपऱ्यावर चढून बसतं.

गॅपबद्दल विचारलं की वर्ष आणि कारण एका वाक्यात सांगा, आणि ही शीट पुढे ठेवा. बोलणं तिथून ड्रॉइंगवर जातं. मग ते शाफ्टवरच्या प्रत्येक मापावर 'हे का?' विचारतील, म्हणून जे माप समजावून सांगता येणार नाही ते शीटवर टाकू नका.

शीट छापल्यावर लाल पेन घेऊन एकदा स्वतः चेक करा : प्रत्येक गोल भागाला सेंटरलाइन आहे का, हिडन लाइनवर डायमेन्शन दिलंय का, एकच माप दोन व्ह्यूंत आलंय का, आणि साखळीतली सगळी मापं देऊन वर एकूण लांबीही दिली आहे का. साखळी बंद झाली तर एक माप काढून टाका, ज्याची गरज सगळ्यात कमी ते. आणि पीडीएफ स्क्रीनवर नको, कागदावर चेक करा. सुटलेली सेंटरलाइन कागदावरच दिसते.